आतड्याचा जोड गळतो का? कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेतली लीक टेस्ट, टप्प्याटप्प्याने

पुण्यातल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात फॉरेन बॉडीचं, म्हणजे गिळलेल्या वस्तूंचं, स्वतःचं पंचांग असतं. मे-जूनमध्ये आंब्याची कोय. पाऊस सुरू झाला की सिंहगडावरून परतताना कुत्र्याने गिळलेलं, दाणे खाऊन टाकलेलं कणीस. रक्षाबंधनानंतर मांजराच्या पोटात राखीचा दोरा, संक्रांतीला मांजा. मोजे आणि शिवणयंत्राशेजारचा सुईदोरा बारमाही. वस्तू काढणं हा यातला सोपा भाग. आतडं शिवून झाल्यावर, पोट बंद करण्याआधीच्या पाच मिनिटांत करायची लीक टेस्ट, म्हणजे आतड्यात पाणी भरून जोड गळतो का ते बघणं, हा या लेखाचा विषय आहे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या आणि आतापर्यंत वरिष्ठांसमोर फक्त क्लॅम्प धरलेल्या डॉक्टरांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिलाय.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. लीक टेस्ट तुमची आजची शिलाई तपासते. चौथ्या दिवशी ते आतडं कसं असेल, हे तिला कळत नाही. कुत्र्यांच्या जुन्या नोंदी तपासून केलेल्या अभ्यासातही, टेस्ट केलेल्या आणि न केलेल्या जोडांमध्ये नंतर टाके उसवण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मग करायची कशाला? कारण मेसेंटरीच्या (आतड्याला रक्तवाहिन्या पोचवणाऱ्या पडद्याच्या) बाजूला चरबीआड सुटलेला एखादा टाका त्याच वेळी सापडतो, आणि तो टेबलावर दुरुस्त करायला एक टाका पुरतो. तोच तिसऱ्या दिवशी सापडला तर पुन्हा पोट उघडावं लागतं, तेही पेरिटोनायटिस (पोटाच्या आवरणाचा दाह) झालेल्या जनावराचं. मी टेस्ट दरवेळी करतो. पण ती पास झाली म्हणून मालकाला कसलीही हमी देत नाही.

आधी आतडं जिवंत आहे का ते बघा

मेलेल्या आतड्यावर घातलेला सुंदर जोडही टेस्ट पास होतो. त्यामुळे पाणी भरण्याआधी आतड्याचा रंग, मेसेंटरीतल्या धमन्यांचे ठोके, चिमटा घेतल्यावर आतडं आकसतं का आणि कापलेल्या काठातून ताजं लाल रक्त येतं का, या चार गोष्टी पाहा. कोय अडकलेली जागा सुरुवातीला जांभळट दिसते. वस्तू काढून कोमट सलाईनचा मॉप पाच-दहा मिनिटं ठेवला की पुष्कळदा गुलाबी होते. तेवढं थांबा. थांबूनही काळपट, पातळ, कागदासारखी लागत असेल तर तो भाग काढून टाका. शंका असेल तेव्हा चार सेंटिमीटर जास्त काढलेलं बरं. लहान आतड्याला तेवढ्याने फरक पडत नाही.

शिलाई: थोडक्यात, पण यावरच सगळं उभं आहे

आतड्याची ताकद सबम्यूकोसात, म्हणजे आतल्या अस्तराखालच्या थरात असते, कोलॅजन तिथेच आहे. प्रत्येक टाक्यात सबम्यूकोसा आला पाहिजे. सिरोसा, म्हणजे बाहेरचं पातळ आवरण, छान जुळलेला दिसला म्हणून फसू नका. शोषला जाणारा एकपदरी धागा घ्या. पॉलिडायऑक्झेनोन, म्हणजे आपण ज्याला पीडीएस म्हणतो, ३-० किंवा ४-० आणि मांजरात ४-०. सुई गोल, टेपर टोकाची. काठापासून २ ते ३ मिमी आत आणि टाक्याटाक्यांत २ ते ३ मिमी अंतर. सुटे टाके घाला किंवा सलग, दोन्ही चालतात. सुट्या टाक्यांत अंतर चुकण्याची शक्यता जास्त, आणि सलग टाक्यांत धागा ओढून ओढून जोड आवळला जाण्याची. म्यूकोसा (आतलं अस्तर) फुगून बाहेर येत असेल तर तो कात्रीने छाटा किंवा त्याला आत वळवणारा मॉडिफाइड गॅम्बी टाका घाला. दोन काठांमध्ये डोकावणारा म्यूकोसा म्हणजे गळतीची वाट.

आतडं कापून जोडताना पहिला टाका मेसेंटरीच्या बाजूला घाला. तिथे मेसेंटरीचे दोन पदर फाकतात आणि मधल्या त्रिकोणात आतड्यावर सिरोसा नसतो, वर चरबीचा थर. गळणारे जोड बहुतेक तिथेच गळतात. चरबी हलक्या हाताने थोडी बाजूला सारून काठ डोळ्यांना दिसू द्या. हातांना कळतो हा समज सोडा.

किती दाबाने? गोंधळ इथेच होतो

कुत्र्याच्या लहान आतड्यात जोराचं आकुंचन आलं की आतला दाब साधारण २५ मिमी पारा, म्हणजेच ३४ सेंमी पाणी इतका जातो. टेस्टला तेवढाच दाब हवा. कमी दाबात भोकं लपतात. जास्त दाबात चांगला जोडही गळतो, मग आपण नको तिथे टाके घालत बसतो आणि आतडं अरुंद करून ठेवतो.

अडचण अशी की सिरिंजच्या दट्ट्यावर अंगठा ठेवून दाब कळत नाही. म्हणून आकारमानाचा आधार घेतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कुत्र्यांवरच्या एका अभ्यासात, शिवलेल्या बायोप्सीच्या जागेभोवती जेजुनमचा (लहान आतड्याच्या मधल्या भागाचा) १० सेंमी तुकडा दोन्ही टोकांना बंद करून, ३४ सेंमी पाण्याचा दाब यायला किती सलाईन लागतं ते मोजलं होतं. बोटांनी आतडं दाबून धरलं तर साधारण १६ ते १९ मिली, डॉयेन क्लॅम्प (आतड्याला इजा न करता धरणारे चिमटे) लावले तर १२ ते १५ मिली. हे आकडे थिएटरच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत. फक्त त्यांच्या अटीही सोबत लिहा: कुत्रा, जेजुनम, १० सेंमी. पामेरियनला आणि ग्रेट डेनला एकच आकडा कसा लागू होईल, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर बरोबर पडलाय. मांजराला तर तो लावूच नका.

म्हणून मी आकारमानाऐवजी पाण्याची उंची वापरायला सांगतो. ५० मिलीच्या निर्जंतुक सिरिंजचा दट्ट्या काढा. नळकांड्याला निर्जंतुक एक्स्टेन्शन लाइन जोडा, लाइनच्या टोकाला सुई. सलाईन भरून लाइनमधली हवा पूर्ण घालवा. आता नळकांड्यातली पाण्याची पातळी आतड्याच्या ३४ सेंमी वर धरली की आतला दाब आपोआप ३४ सेंमी पाण्यावर येऊन थांबतो, आतडं मांजराचं असो की लॅब्रॅडॉरचं. वरचं तोंड उघडं असल्यामुळे कोणीही जोर लावू शकत नाही. पाणी आत जाईल तशी पातळी उतरेल, म्हणून असिस्टंटने वरून भर घालत राहायचं. निर्जंतुक पट्टी नसेल तर लाइनवर आधीच ३४ सेंमीची खूण करून ऑटोक्लेव्ह करा, किंवा निर्जंतुक टेपने मोजून घ्या. सलाईनची बाटली टांगून हे करू नका. बाटलीत हवा कुठून शिरते त्यावर दाब बदलतो आणि हिशेब चुकतो.

तयारी

आतडं पोटाबाहेर काढून भोवती ओले मॉप लावलेले आहेतच. जोडाखालचा एक मॉप मात्र बदला आणि तिथे कोरडं पांढरं गॉज ठेवा. गळलेला थेंब ओल्या मॉपवर दिसत नाही. लागेल ते आधीच मांडून घ्या: कोमट नॉर्मल सलाईन, २५ गेजची सुई, वरचं नळकांडं किंवा २० मिलीची सिरिंज, दोन डॉयेन क्लॅम्प किंवा असिस्टंटची बोटं, आणि त्याच धाग्याचा एक नवा तुकडा सुईहोल्डरवर चढवलेला. गळती दिसल्यावर धागा शोधायला लागलं की घाई होते.

आतडं कापताना मेसेंटरीत पडलेलं भोक टेस्टच्या आधी शिवायचं की नंतर, यावर मतं आहेत. मी नंतर शिवतो, कारण ते उघडं असेपर्यंत जोडाची ती बाजू पालथी करून नीट पाहता येते.

प्रत्यक्ष चाचणी

आतड्यातला पातळ मजकूर जोडापासून दोन्ही बाजूंना हलक्या हाताने सारा. जोड मधोमध येईल असा १० सेंमी तुकडा बंद करा, दोन्हीकडे सुमारे ५ सेंमी. बोटं वापरणार असाल तर तर्जनी आणि मधलं बोट कात्रीसारखं, आणि असिस्टंटने टेस्ट संपेपर्यंत पकड बदलायची नाही. डॉयेन लावलात तर पहिल्या खाचेवरच. पकड आतड्यावर हवी, मेसेंटरीच्या रक्तवाहिन्यांवर नको. ड्युओडेनमवर (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर) मी क्लॅम्प लावतच नाही, तिथे बोटंच, कारण शेजारी स्वादुपिंड आहे आणि आतडं फारसं बाहेरही येत नाही.

सुई जोडापासून ३-४ सेंमी दूर, बंद केलेल्या तुकड्याच्या आत, मेसेंटरीच्या विरुद्ध बाजूने घाला. सरळ खुपसू नका. तिरकी, भिंतीतून थोडं अंतर चालवून मग पोकळीत शिरली पाहिजे, म्हणजे काढल्यावर वाट आपोआप मिटते. निरोगी दिसणारी जागाच निवडा.

सलाईन सावकाश जाऊ द्या. आतडं गोल, टणकसर झालं पाहिजे. ताणून पांढरं पडलं तर फार झालं. ठरलेल्या दाबाला पोचल्यावर घाईने सुई काढू नका. पंधरा-वीस सेकंद दाब तसाच ठेवा आणि जोड संपूर्ण फिरवून पाहा. आधी मेसेंटरीची बाजू, मग दोन्ही कडा, शेवटी समोरची बाजू. समोरची बाजू सगळ्यात आधी दिसते, पण तिथे क्वचितच काही सापडतं. नवशिक्यांची नजर नेमकी तिथेच अडते, म्हणून हा उलटा क्रम. कोरड्या गॉजने टिपून पुन्हा पाहा. नळकांड्याची पातळी नवीन पाणी न घालता एकसारखी उतरत राहिली तर गळती आहे किंवा असिस्टंटची बोटं सैलावली आहेत. आधी बोटं तपासा.

आता मॉस्किटो आर्टरीचं (बारीक टोकाच्या चिमट्याचं) बंद टोक दोन टाक्यांच्या मधल्या जागेवर हलकंच टेकवून फिरवा. टोक आत शिरायला बघत असेल तर तिथे अंतर जास्त आहे, पाणी गळलेलं नसलं तरीही. ढकलू मात्र नका. ढकलून भोक पाडणं सोपं असतं.

शेवटी दाब आधी उतरवा, म्हणजे नळकांडं खाली आणा किंवा सिरिंजने पाणी ओढून घ्या, आणि मगच सुई काढा. भरलेल्या आतड्यातून सुई काढली की त्याच भोकातून चिळकांडी उडते आणि सगळ्यांना वाटतं की जोड फुटला.

दिसलं त्याचा अर्थ काय लावायचा

टाक्याच्या भोकाशी रक्ताळ ओलावा, जो टिपल्यावर वाढत नाही, तो सोडून द्या. टिपल्यावर त्याच जागी पुन्हा स्वच्छ पाण्याचा थेंब उभा राहत असेल तर ती गळती. धार दिसली तर वादच नाही.

एका जागी गळती असेल तर दाब उतरवा, तिथे एक सुटा टाका घाला आणि पूर्ण टेस्ट पुन्हा करा. ‘आता नसेलच’ म्हणून पुढे जायचं नाही, कारण नवा टाका शेजारचा सैल करू शकतो. सलग शिलाईत धागाच ढिला पडला असेल तर वरून दोन सुटे टाके घालून तो झाकू नका. कुठे ढिला आहे ते शोधा. तीन-चार ठिकाणांहून गळत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: जोड काढा आणि नव्याने घाला. ठिगळावर ठिगळ लावलेल्या जोडात रक्तपुरवठा उरत नाही, आणि रात्री अकरा वाजता दमलेल्या हातांनी घातलेलं पाचवं ठिगळ तर नकोच. जादा टाके घातल्यावर अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंनी आत दाबून जोडाची पोकळी चाचपा. दोन्ही बोटांची टोकं एकमेकांना लागली पाहिजेत.

टाके जास्त आवळूनही टेस्ट पास होते, हे लक्षात ठेवा. काठ दाबून पांढरे पडले असतील तर आज पाणी थांबेल, पण ती कड परवा मरेल.

दोऱ्याची केस वेगळी

मांजराने दोरा गिळला, एक टोक जिभेखाली किंवा पायलोरसला (जठराच्या शेवटच्या तोंडाशी) अडकलं, आणि आतडं त्यावर चुण्या घेत गेलं. इथे तुमची शिवलेली जागा ही दुय्यम काळजी असते. ताणलेला दोरा मेसेंटरीच्या बाजूने आतून भिंत कापत जातो आणि ती बारीक भोकं चरबीत लपतात. दोरा काढून चुण्या सुटल्यावर तो सगळा भाग १०-१० सेंमीच्या तुकड्यांनी पाणी भरून तपासा. वेळ लागतो, पण या केसमध्ये लीक टेस्टची खरी किंमत इथेच वसूल होते. नायलॉन मांजाच्या केसमध्ये तर मी ती कधीच टाळणार नाही.

मांजराच्या एन्टेरोटॉमीत, म्हणजे आतड्याला छेद देऊन वस्तू काढताना, आतडं आधीच अरुंद. छोटा उभा छेद आडवा शिवला तर पोकळी टिकते, पण दोन कोपऱ्यांना ताण येतो. टेस्टच्या वेळी ते कोपरे आधी पाहा.

रंग आणि हवा

पाण्यात मेथिलीन ब्लू घालून गळती शोधायची कल्पना पहिल्यांदा सगळ्यांना सुचते. गळली की आजूबाजूचं सगळं निळं होतं आणि दुरुस्तीनंतरची दुसरी टेस्ट वाचता येत नाही. शिवाय मांजराच्या तांबड्या पेशींना मेथिलीन ब्लू सोसत नाही, हाइन्झ बॉडी ॲनिमिया (तांबड्या पेशी खराब होऊन होणारा रक्तक्षय) होऊ शकतो. मी वापरत नाही. गुदाशयाजवळच्या जोडाला हवेची टेस्ट बरी: ओटीपोटात सलाईन भरून जोड बुडवायचा, गुदद्वारातून कॅथेटरने हवा सोडायची आणि बुडबुडे बघायचे. तिथे क्लॅम्प लावायला जागाच नसते.

स्टेपलरचा जोड असेल तर आडवी लाइन जिथे उभ्या लाइनला छेदते ते कोपरे आणि दोन आतड्यांमधला कोनाडा बघा. स्टेपलरच्या खर्चामुळे आपल्याकडे हातशिलाई जास्त, म्हणून यावर एवढंच.

टेस्ट पास झाल्यावर

मेसेंटरीतलं भोक रक्तवाहिन्या टाळून शिवा. जोड कोमट सलाईनने धुवा. सांडलवंड झाली असेल तर संपूर्ण पोट भरपूर सलाईनने धुऊन सगळं शोषून काढा, आत पाणी ठेवू नका. ग्लोव्ह्ज आणि अवजारं बदला. पोट शिवण्यासाठीचा वेगळा सेट सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवला तर हे खरोखर होतं, नाहीतर फक्त ठरवलं जातं. ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा) जोडावर गुंडाळा, हवं तर एक-दोन टाक्यांनी अडकवा. आतड्याची भिंत संशयास्पद वाटत असेल तर शेजारचं निरोगी जेजुनम त्यावर टेकवून सिरोसल पॅच करा.

चौथ्या दिवसापर्यंत

पहिले तीन-चार दिवस जखमेतलं जुनं कोलॅजन विरघळत असतं आणि नवं पुरेसं तयार झालेलं नसतं. जोड तेव्हा निव्वळ धाग्यावर उभा असतो. उसवणारे जोड बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवसात उसवतात. ऑपरेशनच्या आधीच पेरिटोनायटिस असलेले, अल्ब्युमिन २.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असलेले किंवा भूल देताना रक्तदाब उतरलेले रुग्ण जास्त धोक्यात. त्यांना लीक टेस्ट पास झाली तरी घरी पाठवायची घाई करू नका.

उलट्या थांबल्या असतील तर १२ ते २४ तासांत थोडं थोडं मऊ अन्न सुरू करा. उपाशी ठेवून आतडं लवकर भरून येत नाही. मालकांना ‘हलकं खायला द्या’ असं मोघम सांगू नका. घरातल्या आजींच्या दृष्टीने दुधात कुस्करलेली पोळी हलकीच असते. काय, किती आणि कितीदा ते कागदावर लिहून द्या.

मालकाचा फोन तिसऱ्या-चौथ्या दिवशी आला आणि ‘परवा बरा होता, आज कोपऱ्यात बसलाय, खात नाही’ असं वाक्य ऐकलंत तर फोनवर गोळी सांगू नका, बोलावून घ्या. ताप, पुन्हा उलट्या, पोट धरून उभं राहणं, नाडी वेगवान. एक्स-रेमध्ये पोटात हवा दिसेल, पण ती ऑपरेशनचीच असू शकते आणि बरेच दिवस राहते, त्यामुळे तिच्यावर निर्णय घेऊ नका. सोनोग्राफीच्या मदतीने पोटातलं पाणी काढा आणि स्लाइड स्वतः बघा. ऑपरेशननंतर न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसणारच. तुटक्या-फुगलेल्या न्यूट्रोफिलच्या पोटात जीवाणू दिसले तर प्रश्न मिटला. त्याच वेळी रक्तातली आणि पोटातल्या पाण्यातली साखर मोजा. पाण्यातली साखर रक्तापेक्षा २० मिग्रॅ प्रति डेसिलिटरहून जास्त कमी असेल तर संसर्ग धरून चाला. ग्लुकोमीटर प्रत्येक दवाखान्यात असतो, त्यामुळे याला रात्रीची सबब चालत नाही. निदान झालं की अँटिबायोटिक बदलून वाट पाहण्यात तास घालवू नका. फ्लुइड देऊन रुग्ण स्थिर करा आणि पोट उघडा.

सराव

ओळखीच्या मटणवाल्याकडून बोकडाचं आतडं आणा, धुवा, आडवं कापून जोडा आणि वरच्या नळकांड्याने ३४ सेंमीवर तपासा. मग मुद्दाम एक टाका वगळा आणि पुन्हा तपासा. त्यानंतर सिरिंजने जोर लावून चांगला जोड गळेपर्यंत पाणी भरा. आपल्या अंगठ्याला ‘पुरेसा’ वाटणारा दाब प्रत्यक्षात किती होता, ते दिसलं की सिरिंजवरचा विश्वास कमी होतो. सरावाचं आतडं आणि अवजारं थिएटरमध्ये नेऊ नका, वेगळा ट्रे ठेवा.

नोंद

केसपेपरवर ‘लीक टेस्ट निगेटिव्ह’ एवढं लिहून काही कळत नाही. असं लिहा: ‘जेजुनम, आडवा जोड, पीडीएस ४-०, सुटे टाके. १० सेंमी तुकडा, बोटांनी बंद, ३४ सेंमी पाणी, २० सेकंद. मेसेंटरीच्या बाजूला एक गळती, एक टाका घातला, दुसऱ्या टेस्टला गळती नाही. ओमेंटम गुंडाळलं.’ चौथ्या दिवशी पोट उघडायची वेळ आली आणि तेव्हा तुम्ही नसून दुसरा डॉक्टर टेबलाशी असला, तर आधी कुठे बघायचं हे त्याला या ओळींतून कळेल.